फराळाच्या दुकानाला बिंगचं गणित

निम्म्या गिऱ्हाइकांना वस्तूचं जुनं पान दाखवायचं, निम्म्यांना नवं, आणि कुठे जास्त विक्री होते ते मोजायचं. या ए/बी टेस्टिंगवरचं कोहावी, टँग आणि शू यांचं 'ट्रस्टवर्दी ऑनलाइन कंट्रोल्ड एक्सपेरिमेंट्स' हे 2020 चं पुस्तक जरूर वाचा. फक्त सुरुवातीच्या गोष्टीला भुलू नका. 2012 मध्ये बिंगने जाहिरातींचे मथळे लांबवले आणि उत्पन्न 12 टक्क्यांनी वाढलं. भारीच! पण बिंगकडे गर्दी होती.

समजा, तुमची मैत्रीण ऑनलाइन फराळ विकते. पान बघणाऱ्या शंभरातले दोघं घेतात. नव्या फोटोमुळे 2 चे 2.4 टक्के झाले का, हे बऱ्यापैकी खात्रीने कळायला, पुस्तकातल्याच सूत्राने, प्रत्येक पानाला सुमारे 20,000 माणसं लागतात. रोज 200 येत असतील तर 200 दिवस. दिवाळी गेली की हो! मग ती पाचव्याच दिवशी डॅशबोर्ड बघते, नवं पान पुढे दिसलं की टेस्ट बंद. नाणेफेकीत आपण पुढे असताना खेळ थांबवावा, तसंच हे.

अशा दुकानाच्या कामाचं आहे ते पूरक पद्धतींचं प्रकरण, आणि नेमकं तेच लेखकांनी घाईत उरकलंय. पाच गिऱ्हाइकांना शेजारी बसवून चकली मागवायला सांगा. पोस्टाचा खर्च शोधताना ती कुठे अडतात, ते एका संध्याकाळी दिसतं.