जॉर्ज हर्बर्टची 'लेंट': काळ चर्चचा, निश्चय व्यक्तीचा

जॉर्ज हर्बर्ट (१५९३-१६३३) हा कवी अभ्यासक्रमांतून भेटतो तो सहसा 'द कॉलर' किंवा 'द पुली' या कवितांमधून. 'लेंट' ही कविता मागे राहते. कवीच्या मृत्यूनंतर १६३३ मध्ये केंब्रिज येथे प्रसिद्ध झालेल्या 'द टेम्पल' या संग्रहातील ही आठ कडव्यांची रचना राखेच्या बुधवारी सुरू होणाऱ्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाविषयी आहे. तिला उपदेशपर ठरवून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु तिच्यातील पेच खरा आहे: ज्या व्रताचा दिवस चर्चने नेमून दिला, ते व्यक्तीने ईश्वराला स्वतःहून दिलेले वचन कसे ठरावे?

हर्बर्टच्या काळात हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. धर्मसुधारणेनंतरही इंग्लंडमध्ये लेंटमधील मांसवर्ज्य राजाज्ञेने चालू राहिले. मासेमारी व नौकानयन टिकावे, हाही त्यामागील एक हेतू होता. प्युरिटनांना असा नेमलेला उपवास रोमन चर्चचा अवशेष वाटे. सॉल्झबरीजवळील बेमर्टनचा हा धर्मगुरू चर्चची बाजू घेतो, पण त्याचा युक्तिवाद आश्चर्य वाटावे इतका व्यावहारिक आहे. उपवास करावा हे शास्त्र सांगते, केव्हा करावा ते चर्च सांगते. एखाद्या सामान्य संस्थेला जो मान दिला जातो, तो मातेला नाकारण्याचे कारण काय? मिताहाराचे शारीरिक लाभ सांगताना तर कवितेत वैद्यकाची पोथीच शिरते. चौथे कडवे त्यामुळे जड झाले आहे, हे मान्य करावे लागते.

सहाव्या कडव्यापासून मात्र सूर पालटतो. ख्रिस्ताच्या चाळीस दिवसांची बरोबरी होणे नाही, तरी त्या वाटेवर काही अंतर चालणे थांबून राहण्यापेक्षा बरे, अशी कबुली येथे येते. सर्वनामांकडे पाहिले की हा बदल अधिक स्पष्ट होतो. दुसऱ्या कडव्यातील 'मी' हा एका नम्र जीवाच्या तोंडी घातलेला आहे. कवितेचा स्वतःचा 'मी' प्रथम बोलतो तो सातव्या कडव्यात, आणि तोही 'कदाचित' या शब्दाच्या आधाराने. फार पुढे गेलेला देव कदाचित मागे वळेल, हात धरील. मराठीत अशा निश्चयाला 'संकल्प' म्हणण्याचा मोह होईल. पण संकल्पात देशकालाबरोबर फळाचाही उच्चार असतो. येथे काळ ठरलेला आहे, फळ ठरलेले नाही. ख्रिस्त ज्या वाटेने गेला त्या वाटेवरून चालणाऱ्याला भेटीची शक्यता अधिक, एवढेच कवी म्हणतो. निश्चय व्यक्तिगत होतो तो या अनिश्चिततेत. वेगळी तारीख निवडून नव्हे.

समकालीन रॉबर्ट हेरिकची 'टु कीप अ ट्रू लेंट' हीदेखील अन्नापेक्षा पापाला उपाशी ठेवण्यास सांगते. तिची रचना अधिक रेखीव आहे; पण तिच्यात चर्चचा प्रश्नच उपस्थित होत नाही, त्यामुळे उत्तर फार लवकर हाती लागते. हर्बर्ट त्याच विचारापाशी येतो तो सात कडव्यांचा वाद मागे टाकून. शेवटच्या कडव्यात 'मी' पुन्हा 'आम्ही' होतो आणि उपवासाची मेजवानी होते. ती मांडली आहे घराच्या दाराशी, दिवाणखान्यात नव्हे. आणि तेथे जमलेल्या गरिबांच्या पंगतीत यजमानाचा स्वतःचा आत्माही जेवायला बसला आहे.