झाकली बाटली सव्वा लाखाची

दिवाळी अंकात, चकली-कडबोळ्यांच्या शेजारी, मद्याची गोष्ट काढावी की नाही, ह्याचा मी बराच विचार केला. पण मला लिहायचे आहे ते पिण्याविषयी नव्हे, चाखण्याविषयी. आणि चाखणे म्हणजे काय, हे दिवाळीतल्या गृहिणीला निराळे सांगायला नको. कढईतून निघालेली पहिली चकली मोडून तोंडात टाकताना तिच्या चेहऱ्यावर जी एकाग्रता असते, तीच मी चिलीतल्या वाइन-पारख्यांच्या चेहऱ्यावर पाहिली.

माझा भाचा नोकरीनिमित्त सान्तियागोला असतो. त्याच्याकडे गेलो असताना एका रविवारी त्याने तीन बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलावर मांडल्या आणि म्हणाला, “मामा, आयुष्यभर पुस्तकांची परीक्षणे लिहिलीत. आता ह्यांचे करा. मात्र लेखकाचे नाव कळणार नाही!” भाचेसून वही-पेन्सिल घेऊन बसली. लेखकाचे नाव न वाचता परीक्षण लिहिण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता, हे मी त्यांना सांगितले नाही.

पहिल्या पेल्यातली वाइन गर्द तांबडी होती. तिला वास होता, पण तो आतून कडी लावून बसल्यासारखा. तोंडात घेतली तर जिभेच्या कडा आवळून आल्या. ह्या तुरटपणाला जाणकार टॅनिन म्हणतात. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून तो येतो. ‘ब्लॅककरंट’सारखे फळ ज्याने आइस्क्रीमच्या डब्यावरच पाहिले, त्याने ते शब्द उसने का घ्यावेत? आपल्याकडे जांभूळ आहे, करवंद आहे, जास्त उकळलेला चहा आहे. मी वहीत लिहायला सांगितले: “कच्चट जांभूळ. भारदस्त, पण बोलत नाही.”

दुसरीचा रंग जवळजवळ काळाच. पिकलेल्या करवंदांचा गर तोंडात फुटावा तशी ती आली, मऊ आणि भरघोस. आणि गोड वाटता वाटता शेवटी एक ताजी आंबट रेघ ठेवून गेली. तिसरीला मात्र चक्क ढोबळ्या मिरचीचा वास! त्यामागे धूर, त्यामागे पिकले जांभूळ, आणि तुरटपणा अगदी अदबीचा. मला ती फार आवडली. मी पहिला क्रमांक तिसरीला, दुसरा दुसरीला आणि शेवटचा पहिलीला दिला. वर ऐटीत म्हणालो, “ही तिसरी मेर्लो असणार.”

मग वर्तमानपत्रे उतरली.

तिसरी मेर्लो नव्हती. कोल्चाग्वा खोऱ्यातली कार्मेनेर होती, आणि तिघींत स्वस्त. माझ्या चुकीला सोबत मात्र मोठी आहे. कार्मेनेर मूळची फ्रान्समधल्या बोर्दोची. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने युरोपातले मळे उजाड केले, त्यानंतर ती तिकडून जवळजवळ नाहीशी झाली. चिलीत ती आधीच पोचली होती, पण मेर्लोत मिसळून, मेर्लोच्याच नावाने. २४ नोव्हेंबर १९९४ रोजी झां-मिशेल बुर्सिको ह्या फ्रेंच तज्ज्ञाने मळ्यात वेल पाहून तिला ओळखले. ती मेर्लोपेक्षा कित्येक आठवडे उशिरा पिकते. मेर्लोबरोबर खुडली की हिरवट राहते. दुसऱ्याच्या नावाने वाढल्यामुळे बिचारीला पिकायलाही सवड मिळाली नव्हती!

दुसरी आर्जेन्टिनाची: काटेना सापाता घराण्याची, मेंदोसाजवळच्या ग्वाल्तायारीतल्या सुमारे १४५० मीटर उंचीवरच्या मळ्यातली माल्बेक. त्या उंचीवर ऊन कडक म्हणून साल जाड आणि रंग गडद. रात्री थंड म्हणून आंबटपणा टिकतो. ती शेवटची ताजी रेघ ह्या रात्रींची.

आणि मी शेवटी बसवलेली पहिली बाटली होती डॉन मेल्चोर! पुएन्ते आल्तोची काबर्ने सोव्हिन्यों. हिच्याच २०२१ च्या हंगामाला ‘वाइन स्पेक्टेटर’ने २०२४ मध्ये वर्षातली पहिली वाइन ठरवले.

आता कबुली द्यायची ती ही. नाव वाचताच मी पुन्हा तो पेला उचलला, आणि ती वाइन मला खरोखर अधिक चांगली लागली. मघाचे ‘कच्चट’ आता ‘संयमी’ वाटू लागले. ‘बोलत नाही’ची ‘खोल आहे’ झाली. माझा हात वहीकडे गेला. भाचेसुनेने वही मिटली. “मामा, आता मार्क बदलायचे नाहीत.”

एक तास गेला होता, हे खरे. अशी वाइन हवा लागल्यावर उमलते, हेही खरे. पण ती तासाने उमलली की नावाने, हे मला आजही सांगता येत नाही.

ह्याच प्रश्नावर चिलीची अब्रू एकदा पणाला लागली होती. २३ जानेवारी २००४ रोजी बर्लिनमध्ये एदुआर्दो चॅडविक ह्या चिलियन उत्पादकाने ३६ युरोपीय परीक्षकांपुढे १६ वाइन्स नावे झाकून ठेवल्या. त्यांत बोर्दोच्या आणि इटलीच्या नामांकितही होत्या. पहिली आली विन्येदो चॅडविक २०००, दुसरी सेन्या २००१, आणि शातो लाफित २००० तिसरी. पहिल्या दोन्ही चिलीच्या, आणि दोन्ही चॅडविकच्याच! स्पर्धा भरवणाराच पहिला आला म्हणून कोणी भुवया उंचावेल. बोर्दोच्या वाइनला मुरायला वर्षे लागतात, हा आक्षेपही रास्त आहे. तरी जीभ त्या परीक्षकांचीच होती, आणि बाटल्या झाकलेल्या होत्या.

तेव्हा माझा निकाल असा. ऐन घोटाला कार्मेनेर, जेवणाबरोबर माल्बेक, आणि हाताशी संध्याकाळ मोकळी असेल तर काबर्ने. तिन्ही सोळा-अठरा अंशांवर घ्याव्यात. ‘खोलीच्या तापमानाला’ म्हणतात ती खोली युरोपातली, आपली नव्हे. आमच्या नाशिकच्या वाइनलाही कोणी असेच वर्तमानपत्र गुंडाळावे. ‘आपलीच ती’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एकदा नुसते नाकच वापरू द्यावे.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते आतला रितेपणा लपतो म्हणून. झाकल्या बाटलीचे उलट आहे. तिथे बाटलीची नव्हे, चाखणाऱ्याची मूठ उघडी पडते.

परवा शेजारून फराळाची ताटे आली, विणलेल्या रुमालांनी झाकून. मी सौ.ला म्हटले, कोणाचे कुठले ते सांगू नकोस. चिवडा उत्तम होता. कोणाचा, ते मी अजून विचारलेले नाही.