चांदीवरील ठसे आणि मूळस्थानाचा प्रश्न : हॉलमार्क-वाचनाची एक चिकित्सा

प्रस्तावना

चांदीची जुनी वस्तू हाती आली की अभ्यासक असो वा संग्राहक, तो प्रथम ती उलटी करतो. तळाशी, काठालगत किंवा चमच्याच्या दांड्यामागे चार-पाच बारीक ठसे एका ओळीत उमटलेले असतात. ते कोष्टकातील ठशांशी जुळवले की वस्तूचे गाव, साल आणि कारागीर असे तिन्ही हाती येतात, असा सर्वसाधारण समज आहे. ठसे ओळखण्यासाठी विसाव्या शतकात जी मार्गदर्शक पुस्तके निर्माण झाली, त्यांतील बहुतेक याच समजावर उभी आहेत. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा करावयाची आहे. लेखकाचे प्रतिपादन असे की, हॉलमार्क मूलतः वस्तू कोठे घडली हे सांगत नाही. तिचा कस कोठे तपासला गेला आणि त्या कसाबद्दल कोण जबाबदार राहिला, एवढेच तो सांगतो. इंग्लंडमध्ये या दोन गोष्टी बहुधा एकत्र येतात, म्हणून त्यांतील भेद दृष्टीआड होतो. हिंदुस्थानात घडलेल्या चांदीपाशी आल्यावर मात्र तो दृष्टीआड करून चालत नाही.

ठशांची व्यवस्था

इंग्लंडमध्ये इ.स. १३०० च्या कायद्याने चांदीचा कस ९२.५ टक्के, म्हणजे 'स्टर्लिंग', असा ठरवला गेला आणि कसास उतरलेल्या वस्तूवर बिबट्याच्या मुखाचा ठसा उमटवण्याची तरतूद झाली. (नाव बिबट्याचे असले तरी मुख सिंहाचेच आहे, जुन्या फ्रेंच राजचिन्हशास्त्रात समोर पाहणाऱ्या सिंहास तसे म्हणत.) प्रत्येक उस्ताद सोनाराने स्वतःचा ठसा ठेवावा हा नियम १३६३ चा. १४७८ पासून लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये वस्तू आणून तपासून घेणे आवश्यक ठरले व वर्षाक्षराची प्रथा सुरू झाली. 'हॉलमार्क' हा शब्दच या हॉलवरून आला आहे. चालता सिंह १५४४ मध्ये आला. बर्मिंगहॅम व शेफील्ड येथे १७७३ मध्ये तपासणीच्या कचेऱ्या सुरू झाल्या. पहिलीस नांगर व दुसरीस मुकुट हे चिन्ह मिळाले. बर्मिंगहॅमला समुद्र नाही, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. चिन्हाच्या अर्थावरून स्थळाचा तर्क करू पाहणाऱ्या नवशिक्यास तो नांगर हमखास एखाद्या बंदरात घेऊन जातो.

या व्यवस्थेचे खरे सामर्थ्य कोणत्याही एका ठशात नसून ठशांच्या परस्परसंबंधात आहे. लंडनच्या बिबट्याच्या डोक्यावरील मुकुट १८२१ मध्ये गेला. जकात भरल्याची खूण म्हणून राजाच्या मस्तकाचा ठसा १७८४ पासून १८९० पर्यंत उमटवला जात असे. तेव्हा बिनमुकुटाचा बिबट्या आणि राजमस्तक हे दोन ठसे एकत्र दिसले की वर्षाक्षर झिजून गेले असले तरी वस्तू १८२१ ते १८९० या मर्यादेत येते. मुकुटधारी बिबट्याबरोबर राजमस्तक असेल तर मर्यादा १७८४ ते १८२१ अशी आणखी आखूड होते. बिबट्या व चालता सिंह दोन्ही नसून त्यांच्या जागी बसलेली ब्रिटानिया व सिंहाचे छाटलेले मस्तक असेल, तर मनात प्रथम यावा तो १६९७ ते १७२० हा काळ. तेव्हा सक्तीचा कस ९५.८४ टक्के होता. अर्थात हा उच्च कस १७२० नंतरही ऐच्छिक राहिला, त्यामुळे केवळ ब्रिटानियावरून काळ ठरवता येत नाही. शिवाय वर्षाक्षर जुन्या काळी मे महिन्यात बदलत असे. म्हणून एक अक्षर दोन इसवी सनांत विभागलेले असते आणि काटेकोर लेखक '१७८४-८५' असेच लिहितो.

'कारागिराचा ठसा' या संज्ञेविषयी

सर चार्ल्स जॅक्सन यांचा इंग्लिश सोनार व त्यांचे ठसे यांवरील ग्रंथ १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९२१ च्या दुसऱ्या आवृत्तीत तेरा हजारांहून अधिक ठसे आहेत. जॅक्सन पेशाने बॅरिस्टर होते आणि पुरावा गोळा करण्याची वकिली चिकाटी त्या ग्रंथात पानोपानी दिसते. परंतु ठशातील आद्याक्षरे म्हणजे घडवणारा हात, हे समीकरण अशा कोष्टकांच्या वापरातूनच रूढ झाले. आर्थर ग्रिमवेड यांनी १६९७ ते १८३७ या काळातील लंडनच्या सोनारांवर १९७६ मध्ये जो ग्रंथ सिद्ध केला, तो नोंदवह्यांच्या आधारे लिहिलेला असल्यामुळे या समीकरणाची मर्यादा त्यातून स्पष्ट होते. मोठी भांडी घडवणाऱ्यांची सुमारे १७५८ ते १७७३ या काळातील नोंदवहीच गहाळ आहे. म्हणजे त्या पंधरा वर्षांत नव्याने नोंदलेल्या कित्येक आद्याक्षरांचे धनी केवळ अनुमानाने ठरतात. कोष्टकात मात्र अनुमान आणि नोंद सारख्याच टाइपात छापलेली असतात.

हेस्टर बेटमन हिचे उदाहरण बोलके आहे. पतीच्या मृत्यूनंतर या विधवेने १७६१ मध्ये आपला 'एच. बी.' हा ठसा नोंदवला. तिला लिहिता येत नव्हते. नोंदवहीत सहीच्या जागी तिची खूण आहे. पुढे तिच्या मुलांसह कारखाना भरभराटीस आला आणि तिचा ठसा हजारो वस्तूंवर उमटला. विसाव्या शतकातील संग्राहकांनी तिला नाजूक हाताची कलावती करून टाकले. प्रत्यक्षात तो ठसा कारखान्याच्या मालकिणीचा आहे. हातोडी कोणाची होती, हे तो सांगत नाही. त्यामुळे अलीकडे अभ्यासक 'कारागिराचा ठसा' ऐवजी 'पुरस्कर्त्याचा ठसा' अशी संज्ञा वापरतात, ती योग्यच होय. हा केवळ शब्दांचा वाद नाही. पहिल्या संज्ञेने कारखान्यातील इतर सर्व हात पुसले जातात. दुसरीने निदान जागा मोकळी राहते.

खरा ठसा, खोटी वस्तू

ठसा अस्सल असूनही वस्तू फसवी असू शकते. १७२० पासून चांदीवर औंसामागे सहा पेन्स जकात बसली. ती चुकवण्यासाठी सोनार लहानशी वस्तू किंवा चकती तपासून घेत आणि तिचा ठसे असलेला तुकडा मोठ्या भांड्याच्या तळाशी डाख देऊन बसवीत. पॉल द लॅमरीसारखा त्या काळचा अग्रगण्य सोनारही यातून सुटलेला नाही. येथे भांडे त्याचेच, काळ तोच, ठसाही खरा. खोटी आहे ती फक्त तपासणी. जकातचुकारीचे असे भांडे आणि जुन्या चमच्यावरचे ठसे कापून आधुनिक भांड्यात बसवणाऱ्याचे भांडे, या दोहोंस एकाच 'बनावट' सदरात घालणाऱ्या पुस्तकांशी सहमत होता येत नाही. तिसरा प्रकार व्हिक्टोरियाकालीन. अठराव्या शतकातील साध्या पेल्याला चोच जोडून आणि अंगावर फुलांची उठावाची नक्षी करून त्याचा सुरईवजा जग केला जाई. तळाचे ठसे जुने आणि खरे राहत, चोच मात्र शंभर वर्षांनी तरुण!

अशा वेळी जुना उपाय म्हणजे ठशांभोवती तोंडाची वाफ सोडणे. क्षणभर धुरकटलेल्या पृष्ठावर डाखाची रेघ वेगळी दिसते. नवा उपाय क्ष-किरण प्रस्फुरणाचा. जुन्या चांदीत सोने व शिसे यांचे अंश राहत. विद्युत-विच्छेदनाने शुद्ध केलेल्या आधुनिक चांदीत ते जवळजवळ नसतात. जॉर्जियन ठसे असलेल्या भांड्याचा धातू फार निर्मळ निघाला, तर तोच संशयाचे कारण ठरतो.

ठशाचे अनुकरण

कँटनमधील चिनी सोनारांनी एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य गिऱ्हाइकांसाठी चमचे, पेले, चहाची भांडी घडवली आणि त्यांवर सिंह, बिबट्या, राजमस्तक यांच्यासारखे दिसणारे ठसे उमटवले. अशा वस्तू दीर्घकाळ इंग्लिश किंवा अमेरिकन म्हणून संग्रहांत विसावल्या होत्या. फोर्ब्ज, कर्नन व विल्किन्स यांच्या १९७५ च्या ग्रंथामुळे त्यांची निर्यातीची चिनी चांदी म्हणून स्वतंत्र ओळख प्रस्थापित झाली. अमेरिकेतील गोरहॅम कंपनीचे सिंह, नांगर व 'जी' हे तीन ठसे घाईने पाहणाऱ्यास बर्मिंगहॅमचा भास देतात. तिचा नांगर मात्र ऱ्होड आयलंड राज्याचा आहे. जर्मनीतील हानाऊ येथे जुन्या धाटणीच्या वस्तूंवर जुन्या फ्रेंच ठशांसारखे ठसे मारण्याचा उद्योगच होता. युरोपातील इतर सरकारी ठशांविषयी येथे विस्तार करण्याचे कारण नाही. रशियाचा '८४' हा आकडा ९६ पैकी ८४ भाग चांदी, म्हणजे ८७५ चा कस, दाखवतो एवढे ध्यानी ठेवले तरी '८४ टक्के' ही वारंवार आढळणारी चूक टळेल. फ्रान्सची एक तरतूद मात्र लक्षणीय आहे : १८९३ पासून अज्ञात मूळस्थानाच्या चांदीवर तेथे हंसाचा ठसा मारला जाई. आपल्याला मूळ ठाऊक नाही, हेही एका राज्यसंस्थेने ठशाने नोंदवले. कोष्टकांना एवढा प्रामाणिकपणा क्वचितच परवडतो.

हिंदुस्थानातील चांदी

कंपनीच्या व राणीच्या अमदानीत हिंदुस्थानात चांदीच्या सक्तीच्या तपासणीची इंग्लंडसारखी व्यवस्था नव्हती. कलकत्त्याची हॅमिल्टन आणि कंपनी किंवा मद्रासची पी. ऑर अँड सन्स यांचे ठसे हे त्या पेढ्यांनी स्वतःच दिलेले आश्वासन होते. त्यामागे त्रयस्थ संस्था उभी नव्हती. घडवणारे हात बहुतांशी देशी कारागिरांचे असूनही ठसा पेढीचा. विनयार्ड विल्किन्सन यांनी हिंदुस्थानातील युरोपीय सोनारांची व त्यांच्या ठशांची जी नोंदणी केली, तिच्याशिवाय या विषयात एक पाऊलही टाकता येत नाही. तथापि १७६० ते १८६० या काळाच्या त्यांच्या सूचीचा विषयच युरोपीय सोनार असल्यामुळे, ठसा ज्याचा त्याचाच इतिहास तेथे येणार हे ओघानेच आले.

भुजच्या उमरशी मावजींचा 'ओ. एम.' आणि 'भुज' हा ठसा या अंधारात दिव्यासारखा आहे, आणि दिव्याखाली जे होते तेच येथे झाले. कच्छचे पुष्कळ काम ठशाविना आहे. पण एकच नाव ठाऊक असल्याने उत्तम कच्छी भांडे दिसले की लिलावाच्या सूचीत 'उमरशी मावजी यांचे मानले जाणारे' अशी पुष्टी जोडली जाते. शेजारच्या पेढीवर बसलेला तितकाच कुशल सोनार त्यामुळे दुसऱ्यांदा निनावी होतो.

याहून महत्त्वाचा मुद्दा कायद्याचा आहे. परदेशी चांदी ब्रिटनमध्ये विकण्यापूर्वी तपासून घ्यावी असा नियम एकोणिसाव्या शतकात होता. परंतु १८८४ च्या महसूल कायद्याने हाताने कोरलेल्या, जडावाच्या व तारकामाच्या पौर्वात्य धाटणीच्या वस्तूंना त्यातून सूट दिली. त्यामुळे त्यानंतर ब्रिटनमध्ये पोहोचलेल्या कच्छी किंवा मद्रासी भांड्यावर ब्रिटिश ठसा नाही, यावरून त्याच्या कसाविषयी वा काळाविषयी काहीच निष्पन्न होत नाही. ठसा नसणे हा येथे कायद्याचा परिणाम आहे, वस्तूचा दोष नव्हे. विक्रेते मात्र त्यास 'हलकी चांदी' म्हणून भाव पाडतात, असा प्रस्तुत लेखकाचाही अनुभव आहे.

अशा चांदीचे मूळ ठरवण्यास घडणीकडेच वळावे लागते : मद्रासच्या देवप्रतिमांचे 'स्वामी' काम, लखनौचे रान व शिकार, कच्छची वळत जाणारी दाट वेलबुट्टी. विद्या दहेजिया यांच्या २००८ च्या ग्रंथाने राजवटीच्या काळातील चांदीची अशी प्रादेशिक मांडणी केली आहे. तीही सर्वस्वी निर्धोक नाही, कारण कारागीर गाव बदलतो आणि गिऱ्हाईक नमुना मागते. तरीही तिचा आधार वस्तूचे अंग आहे, केवळ तळ नव्हे.

महाराष्ट्रातील घरगुती चांदीवर कोरलेला मजकूर असतो, पण तो निराळा. आमच्या घरच्या पंचपात्रीवर ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरांत आजीचे माहेरचे आडनाव, तिथी व 'लग्नाचा अहेर' असे शब्द आहेत. सोनाराचे नाव नाही, कसही नाही. इंग्लिश भांड्यावर जबाबदार कोण हे लिहिलेले असते, येथे दिले कोणी हे लिहिलेले आहे. ज्या संशोधन-परंपरेत 'मूळ' म्हणजे तपासणीची कचेरी, तिच्या लेखी ही पंचपात्री मूळहीन ठरते. वास्तविक नाव, तिथी व प्रसंग एवढी माहिती स्टर्लिंगच्या पाच ठशांतही मावत नाही.

या दृष्टीने वस्तुसंग्रहालयाच्या नोंदपत्रकात 'मूळस्थान' हे एकच सदर पुरेसे नाही. 'घडण', 'तपासणी' आणि 'मालकी' अशी तीन सदरे असावीत, आणि जेथे माहिती नाही तेथे जवळचे प्रसिद्ध नाव न भरता ते सदर कोरे ठेवावे. भुजच्या ठशाविना असलेल्या भांड्यापुढे तूर्त 'घडण : कच्छ, तपासणी : नाही, कारागीर : अज्ञात' एवढेच लिहिता येते.