युवा महोत्सवातील लोककला : प्रयोग की प्रात्यक्षिक?

शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांचा युवा महोत्सव सातारा, सांगली व कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत प्रथम जिल्हावार आणि नंतर मध्यवर्ती स्वरूपात भरत असतो. संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय आणि ललितकला अशा विभागांत त्याचे कार्यक्रम वाटलेले असतात. या महोत्सवाविषयी जे लिहिले जाते ते बहुधा निकालापुरते असते. पारितोषिके कोणास मिळाली, सर्वसाधारण विजेतेपद कोणत्या महाविद्यालयाकडे गेले, एवढे नोंदले की ते वर्ष संपले. ज्या कला तेथे सादर होतात त्यांचे त्या व्यासपीठावर नेमके काय होते, हा प्रश्न निकालाच्या गडबडीत बाजूस राहतो. प्रस्तुत विवेचन मुख्यतः लोकनृत्य व लोकवाद्य यांच्यापुरते मर्यादित आहे; कारण सातारा-सांगलीच्या बाबतीत खरी अडचण तेथेच आहे.

विद्यापीठीय युवक महोत्सवाची कल्पना आपल्याकडे १९५४ साली दिल्लीत भरलेल्या आंतरविद्यापीठ महोत्सवापासून रूढ झाली. मौलाना आझाद त्या वेळी शिक्षणमंत्री होते. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील विद्यार्थ्यांनी एकत्र यावे, एकमेकांचे नृत्य-गायन पाहावे, आणि नव्या राष्ट्राची ओळख त्यातून व्हावी, हा त्यामागील हेतू होता. मध्यंतरी खंडित झालेला हा उपक्रम पुढे १९८० नंतरच्या दशकात भारतीय विश्वविद्यालय संघाने पुन्हा सुरू केला, आणि त्याच्या नियमावलीचा साचा विद्यापीठांच्या महोत्सवांतून खाली उतरला. या नियमावलीप्रमाणे लोकनृत्याच्या संघात दहापर्यंत नर्तक असावेत, नृत्याचा अवधी आठ ते दहा मिनिटांचा असावा, आणि गुणदान ताल, रचना, भावदर्शन, वेशभूषा, रंगभूषा, नेपथ्य व एकंदर परिणाम या कसोट्यांवर व्हावे. नृत्याचा विषय सांगणारे एक छोटे टिपण आणि गीत असल्यास त्याची संहिता प्रवेशपत्रासोबत द्यावी, असेही त्यात म्हटले आहे.

हे नियम ज्या प्रसंगासाठी योग्य होते तो प्रसंग परक्यांच्या भेटीचा होता. मणिपूरच्या विद्यार्थ्याला माणदेशाचे नृत्य दाखवायचे तर दहा मिनिटे पुरेशी आहेत. त्याला त्यातील देव ठाऊक नाही, बोली ठाऊक नाही, पुढे काय होणार याची त्याला वाटही पाहायची नाही. त्याच्यासाठी ते नृत्य म्हणजे एक नमुना, आणि नमुना थोडक्यात दाखविण्यात काही वावगे नाही. परंतु हाच नियम जिल्हा महोत्सवास लागू झाला म्हणजे स्थिती उलट होते. सांगली जिल्ह्याच्या महोत्सवात नाचणारा विद्यार्थी जत किंवा आटपाडी तालुक्यातला, आणि समोर बसलेला प्रेक्षकही तिथलाच किंवा शेजारच्या कवठेमहांकाळचा. दोघांच्याही घरी बिरोबा आहे, आरेवाडीची जत्रा दोघांनीही पाहिलेली आहे. परक्यासाठी केलेली मांडणी येथे शेजाऱ्यापुढे केली जाते, आणि त्या शेजाऱ्याने काही काळ परका होऊन ती पाहावी अशी अपेक्षा असते. परीक्षकांच्या कसोट्या तर या दूरस्थपणाला गुणांचे बळ देतात.

धनगरी गजी नृत्याचे उदाहरण घ्यावे. जत्रेत हे नृत्य ढोलांच्या भोवती वर्तुळ धरून होते. हातांत रंगीत रुमाल, डोक्यास फेटा, अंगात अंगरखा, आणि मध्यभागी ढोल व झांजा. आरंभी पावले इतकी संथ असतात की नवख्या पाहणाऱ्याला अजून काही सुरूच झाले नाही असे वाटावे. लय चढते ती हळूहळू, आणि ती चढविणारा ढोलकरी नर्तकांकडे पाहून चढवतो. नर्तक प्रेक्षकांकडे पाहत नाहीत, ते ढोलाकडे पाहतात. वर्तुळाला पुढची बाजू नसते. याच परंपरेतील ओव्या रात्रभर चालतात. काही भाग गाऊन, नंतर तोच गद्यात सांगून कथा पुढे न्यावयाची, अशी त्यांची रीत आहे. जर्मन संशोधक गुंथर सोंथायमर यांनी धनगरांमध्ये हिंडून या ओव्यांचे ध्वनिमुद्रण व संकलन केले. देवतेची कथा, मेंढपाळांच्या स्थलांतराच्या वाटा आणि नृत्य-गायन या गोष्टी एकमेकींपासून तोडून समजत नाहीत, हे त्यांच्या लेखनावरून स्पष्ट होते.

महोत्सवाच्या रंगमंचावर या नृत्याचे वर्तुळ प्रथम मोडते. समोर परीक्षक बसलेले असल्यामुळे त्याचा अर्धगोल होतो, मग दोन रांगा होतात, मग ‘रचना’ या कसोटीसाठी शेवटी एकमेकांच्या खांद्यावर उभे राहून मनोरा रचला जातो. संथ आरंभ दहा मिनिटांत परवडत नाही, म्हणून तो जातो. ओवी जाते, किंवा तिच्या जागी घोषणेसारख्या दोन ओळी येतात. उरते ते चढत्या लयीचे शेवटचे अंग, आणि तेही पहिल्या क्षणापासून. विद्यार्थ्यांची मेहनत, ताकद आणि ताल यांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पुष्कळ संघ तालात इतके चोख असतात की व्यावसायिकांनी मान डोलवावी. परंतु जे पाहिले त्यास गजी म्हणावे की गजीच्या वेशातील कवायत म्हणावे, असा संभ्रम पडतो.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे, आणि तो हलका नाही. लोककलेला कात्री लावणे हा या भूमीत काही नवा अपराध नाही. मराठी नाटकाचा आरंभच मुळी तसा झाला. सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिले आणि त्यांतील ओबडधोबडपणा टाळून तसे खेळ मराठीत करावेत असे विष्णुदास भावे यांना सुचविले; त्यातून १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले. पुढे वाळवे तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांनी तमाशाची गण, गौळण, बतावणी, वग ही परंपरागत मांडणी हाती घेतली आणि तीत मोठा बदल केला; गणातील देवतेच्या जागी मातृभूमी आणि श्रमिक आले, गौळण गळाली, आणि ‘अकलेची गोष्ट’सारखे लोकनाट्य निर्माण झाले. ज्या तालुक्यातील रेठरे हरणाक्ष या गावी पठ्ठे बापूराव जन्मले, त्याच तालुक्यात तमाशाची गौळण गाळणारा जन्मावा, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे. वाई तालुक्यातील पसरणीचे शाहीर साबळे यांनी तर गोंधळ, वाघ्या-मुरळी, वासुदेव, कोळीनृत्य यांची एकामागून एक गुंफण करून ‘महाराष्ट्राची लोकधारा’ हा कार्यक्रमच उभा केला. मग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाच दोष का द्यावा?

या तीन उदाहरणांकडे बारकाईने पाहिले तर मात्र ती आक्षेपकाच्या बाजूने पुरेशी बोलत नाहीत. भाव्यांनी कात्री लावली, परंतु त्याबरोबर सूत्रधाराने पदे म्हणावयाची आणि पात्रांनी उत्स्फूर्त गद्य बोलावयाचे अशी स्वतंत्र व्यवस्था लावली. तो खेळ घेऊन ते गावोगाव हिंडले आणि १८५३ मध्ये मुंबईत त्याचे प्रयोग झाले. जे कापले त्याच्या जागी नवा प्रकार आला, आणि त्या प्रकाराला स्वतःचा वेळ व स्वतःचा प्रेक्षक मिळाला. अण्णा भाऊंनी गौळण गाळली ती सभेला जमलेल्या गिरणी कामगाराला काय सांगायचे आहे हे ठरवून. वेळ संपत आली म्हणून नव्हे. साबळे यांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांची लोकधारा शहरी प्रेक्षकासाठी, म्हणजे एका अर्थी परक्यासाठीच होती, आणि तेथे ती शोभली. तिचे अनुकरण जिल्हा महोत्सवात होते तेव्हा वाईच्या मुलाला त्याच्याच शेजारच्या गावचा गोंधळ मुंबईच्या वाटेने परत मिळतो. संबळाचा ठेका एक मिनिट, जागरणाचा एक मिनिट, मग कोळ्यांची होडी. ज्या मुलाने होडी पाहिली नाही तोही वल्हे मारण्याचा अभिनय झोकात करतो.

महोत्सव सर्वत्र असाच फसतो असे समजणे अन्यायाचे होईल. त्याचा नाट्यविभाग बहुधा भरीव असतो, आणि त्याचे कारण शोधण्यासारखे आहे. एकांकिकेला नियमावली तीस मिनिटे देते, आणि एकांकिका हा प्रकारच मुळी अशा मर्यादेत वाढलेला आहे. पुण्याची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. अशा स्पर्धांनी महाविद्यालयीन एकांकिकेला लेखक दिले, तंत्र दिले, आणि कालमर्यादेत विचार करण्याची सवय दिली. तेथे वेळेचे बंधन लेखकाच्या हाती पहिल्यापासून असते, तो त्याभोवती रचना करतो. ऊस, पाणी, स्थलांतर, गावातील निवडणूक, असे विषय विद्यार्थ्यांनी तीस मिनिटांत पुरेशा धारेने मांडल्याची उदाहरणे दुर्मिळ नाहीत. लघुनाटिकेचे दहा मिनिटांचे प्रहसनही त्याच कारणाने चालते. तेव्हा दोष घड्याळाचा नाही. जी कला घड्याळासाठी रचली गेली नाही तिला घड्याळाखाली धरून तिचे नाव तसेच ठेवण्यात दोष आहे.

हलगीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. हलगी हे या दोन जिल्ह्यांत कुस्तीच्या फडाचे, मिरवणुकीचे व दवंडीचे वाद्य. ते वाजविण्याचे काम गावकीच्या व्यवस्थेत मुख्यतः मातंग समाजाकडे होते, आणि ते काम हक्काचे जितके होते तितकेच सक्तीचे होते. अस्पृश्यतेविरुद्धच्या चळवळीने गावकीची हीन गणलेली कामे सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा वाद्य खाली ठेवणे हा अनेकांच्या दृष्टीने स्वाभिमानाचा भाग ठरला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे सातारच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीस बसविली. १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले. या व्यवस्थेतून शिकलेल्या कित्येक घरांत हलगी ही मागे टाकलेली वस्तू आहे. आज तीच हलगी लोकवाद्यवृंदात टाळ्या घेते. वाजविणारा विद्यार्थी कधी त्याच घराण्यातला असतो, कधी नसतो. पहिल्या बाबतीत तो आजोबांनी खाली ठेवलेले वाद्य स्वतःच्या इच्छेने उचलतो आहे. दुसऱ्या बाबतीत तो ते प्रथमच हाती घेतो आहे. या दोन कृती एकच नव्हेत, आणि दोन्ही आदरणीय असू शकतात. परंतु व्यासपीठावरून त्यांपैकी कशाचाच उच्चार होत नाही. निवेदक ‘महाराष्ट्राची समृद्ध परंपरा’ असे म्हणतो आणि पुढचा संघ पुकारतो.

येथेच प्रात्यक्षिकाचा विचार प्रस्तुत ठरतो. प्रयोग आणि प्रात्यक्षिक यांची आज महोत्सवात सरमिसळ झाली आहे. जे सादर होते ते प्रयोगासाठी अपुरे आणि प्रात्यक्षिकासाठी अस्पष्ट असते. प्रात्यक्षिकात कलेचे कार्य उलगडून दाखविणे अभिप्रेत असते, आणि तेथे थांबणे, परत मागे येणे, विचारणे या सर्वांना मुभा असते. मिरजेच्या तंतुवाद्यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात भोपळ्याच्या सतारी व तंबोरे घडविण्यास आरंभ केला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. घोडीवरची जवारी कानशीने साधणारा कारागीर काय करतो हे पाहावयाचे तर त्याच्याजवळ तासभर बसावे लागते. तार छेडली जाते, कान देऊन ऐकली जाते, पुन्हा थोडेसे घासले जाते. यात टाळीची जागा कोठेच नाही, आणि तरीही पाहणारा उठून जात नाही. महोत्सवाच्या शास्त्रीय गायनात पंधरा मिनिटे गाणाऱ्या विद्यार्थ्याच्या मागे पुष्कळदा विजेवरचा तंबोरा वाजत असतो. मिरज तेथून काही मैलांवर असते.

हीच रीत हलगीला आणि गजीला लावता येईल. हलगी वाजविण्यापूर्वी जाळावर शेकावी लागते, कारण चामडे ढिले पडले की बोल उमटत नाही. रंगमंचावर जाळ करता येत नाही, म्हणून प्लास्टिकचे पान लावलेली हलगी वापरली जाते आणि तिचा आवाज सरळ, कोरडा येतो. मैदानात शेकोटी पेटवून, वाजविणाऱ्यास योग्य मानधन देऊन, कुस्तीचा बोल कोणता, मिरवणुकीचा कोणता, दवंडीचा कोणता, हे विद्यार्थ्यांनी त्याच्याकडून ऐकावे. त्याने वाद्य का सोडले होते किंवा का सोडले नाही, हेही त्यास सांगावेसे वाटल्यास ऐकावे. गजीच्या संघास एक संपूर्ण संध्याकाळ द्यावी, खुर्च्या चारी बाजूंनी मांडाव्यात, आणि त्या संध्याकाळी गुण देऊ नयेत. यास खर्च फारसा नाही. संध्याकाळच्या पारितोषिक वितरणातील भाषणे थोडी आवरली तर वेळही निघेल.

स्पर्धा बंद करावी असे यातून निघत नाही. स्पर्धेने विद्यार्थ्यांना घराबाहेर काढले आहे, विशेषतः मुलींना ढोल आणि लेझीम यांच्याजवळ आणले आहे, ही मिळकत लहान नाही. तिच्या कसोट्यांत मात्र एक भर घालणे शक्य आहे, आणि ती नियमावलीतच लपलेली आहे. प्रवेशपत्रासोबत जे टिपण मागितले जाते त्यास आज स्वतंत्र गुण नाहीत. बहुतेक टिपणे एकमेकांवरून उतरवलेली, तीनचार वाक्यांची असतात. त्या टिपणात नृत्य कोणत्या गावी, कोणत्या देवापुढे, कोणत्या तिथीस होते. ते कोणाकडून शिकले. त्यातील काय गाळले आणि काय नव्याने घातले, एवढे लिहिणे सक्तीचे केले आणि त्यास ‘रचना’ व ‘वेशभूषा’ यांच्या बरोबरीने गुण ठेवले, तर संघास तालमीपूर्वी एकदा तरी आरेवाडीस जावे लागेल. अशी टिपणे दरवर्षी तिन्ही जिल्ह्यांतून जमा होतील. विद्यापीठाच्या मराठी विभागाने ती कार्यालयाच्या कपाटातून मागवून घेतली, तर दहा वर्षांत या प्रदेशातील लोककलांची गावनिहाय सूची हाती येईल, आणि ती विद्यार्थ्यांच्याच हस्ताक्षरात असेल.