बुद्धिमापन
बुद्धिमापन : प्रमाणित कसोट्यांच्या साहाय्याने व्यक्तीच्या बौद्धिक क्षमतेचा तुलनात्मक अंदाज घेण्याची मानसशास्त्रीय पद्धती. बुद्धिमत्तेची सर्वमान्य व्याख्या मात्र अद्याप झालेली नाही. चार्ल्स स्पिअरमन याने १९०४ मध्ये सर्व बौद्धिक कृत्यांच्या मुळाशी एक सामान्य घटक असल्याचे मांडले. उलट लुई थर्स्टन याने १९३८ मध्ये सात प्राथमिक क्षमता प्रतिपादिल्या.

मापनाचा आरंभ व्यावहारिक गरजेतून झाला. विशेष शिक्षणाची आवश्यकता असलेली मुले ओळखण्यासाठी आल्फ्रेद बीने व तेओदॉर सीमाँ यांनी पॅरिस येथे १९०५ मध्ये पहिली कसोटी तयार केली. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून १०० ने गुणले असता येणारा बुद्धिगुणांक पुढे, १९१६ मध्ये, ल्यूइस टर्मन याने रूढ केला. उदा., आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय दहा असल्यास त्याचा बुद्धिगुणांक १२५ ठरतो. प्रौढांना हे सूत्र लागू पडत नसल्याने डेव्हिड वेक्सलर याने १९३९ मध्ये समवयस्कांच्या सरासरीशी तुलना करण्याची पद्धत अवलंबिली. तीनुसार सरासरी १०० व प्रमाण विचलन १५ धरतात, सु. ६८ टक्के व्यक्ती ८५ ते ११५ या मर्यादेत येतात.

यावरून बुद्धिगुणांकाची मर्यादाही स्पष्ट होते. तो उंची वा वजन यांसारखे परिमाण नसून समूहातील स्थानाचा निदर्शक आहे. १४० गुणांकाची व्यक्ती ७० गुणांकाच्या व्यक्तीच्या दुप्पट बुद्धिमान असते, असे म्हणता येत नाही. अमेरिकेत १९३२ ते १९७८ या काळात सरासरी सु. १४ गुणांनी वाढल्याचे जेम्स फ्लिन याने १९८४ मध्ये दाखवून दिले. इतक्या अल्पावधीत घडलेला हा बदल आनुवंशिकतेने स्पष्ट होत नाही. भाषा व संस्कृती यांचाही कसोटीवर परिणाम होतो, म्हणूनच व्ही. व्ही. कामत यांनी बीने कसोटीचे मराठी व कन्नड रूपांतर येथील मुलांसाठी नव्याने प्रमाणित केले (१९४०).

शालेय यशाचे पूर्वानुमान करण्यास या कसोट्या बऱ्याच अंशी उपयुक्त ठरतात. तथापि केवळ त्यांच्या आधारे मुलाचे भवितव्य ठरविणे अन्यायाचे होते. कॅलिफोर्नियातील कृष्णवर्णीय मुलांना अशा कसोट्यांवरून मतिमंदांच्या वर्गात घालण्यास तेथील संघीय न्यायालयाने १९७९ मध्ये मनाई केली. बुद्धी ही अचल राशी आहे, हे मत बीने याला स्वतःलाच मान्य नव्हते. साहाय्याची गरज कोणाला आहे हे शोधण्यासाठी जन्मलेल्या साधनाने पुढे माणसांची प्रतवारी केली, हा दोष साधनापेक्षा त्याच्या वापराचा अधिक आहे.