रंग बदलला, पुढे काय?

शालेय विज्ञान प्रदर्शनात रसायनशास्त्राचे टेबल शोधावे लागत नाही. रंगीत पाण्याचे पेले मांडलेले असतात आणि एखादा विद्यार्थी त्यांत चार थेंब टाकून म्हणत असतो, ‘पाहा, रंग बदलला!’ बघणारे मान डोलावतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात. ‘कृतीतून विज्ञान’ हा आग्रह आपल्याकडे रुजला, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु रसायनशास्त्रातील बहुतेक कृती ज्या रीतीने लिहिल्या व करवून घेतल्या जातात, त्यांत उत्तर आधीच सांगून टाकलेले असते. हळदीचा कागद घ्या, साबणाचे पाणी टाका, कागद तांबडा होईल, म्हणून साबण आम्लारीधर्मी. हात चालतात, डोके स्वस्थ बसते. जादूगार निदान उत्तर लपवून तरी ठेवतो.

हळदीचेच पाहू. बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडसारख्या गावात शाळेला प्रयोगशाळा असो वा नसो, हळद, खाण्याचा चुना, लिंबू ह्या गोष्टी घरोघरी मिळतात. हळदीच्या डागाला साबण लागला की तो तांबडा होतो, हे मुलांना वर्गात येण्यापूर्वीच ठाऊक असते. मग वर्गाने त्यात भर कोणती घालायची? त्याच कागदावर लिंबाचा रस टाका. कागद पिवळाच राहतो. साधे पाणी टाका, तरी पिवळाच. म्हणजे लिंबू आणि पाणी यांतला फरक हळदीला कळत नाही! तिचा रंग पालटतो तो सामू ८ च्या आसपास. त्याखाली तिला सारे सारखेच. ‘हळद हा दर्शक आहे’ हे वाक्य पाठ असलेल्या मुलाला, या दर्शकाला काय दिसत नाही, असे आपण क्वचितच विचारतो. जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क मात्र आम्लाने लाल आणि आम्लारीने हिरवट होतो. आता दोन साक्षीदारांच्या जबान्या ताडून पाहता येतात. रॉबर्ट बॉइलने १६६४ साली रंगांवरील ग्रंथात फुलांच्या रसाची अशीच परीक्षा नोंदवली होती.

‘किती?’ हा प्रश्न तर या कृतींत येतच नाही. दोन चमचे चुन्याची निवळी घ्या (ती शिक्षकांनीच करावी, डोळ्यांत उडता कामा नये). चिमूटभर हळद घातली की पाणी तांबडे होईल. मग लिंबाचा रस थेंब थेंब सोडत, हलवत, पिवळा रंग परत येईपर्यंत थेंब मोजा. निवळी चार चमचे घेतली तर किती लागतील? आधी अंदाज लिहून घ्यावा. गटागटांचे आकडे जुळले नाहीत तर फारच उत्तम. थेंब लहानमोठे पडले का? लिंबू निराळे होते का? की रंग ‘पूर्ण’ पालटला हे कोणी ठरवायचे यावरच मतभेद आहे? पिवळ्या बल्बखाली पांढऱ्या कागदावरचा फिकट पिवळा धड दिसतही नाही. म्हणून खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, थेंब न टाकलेला नमुना शेजारी ठेवून पाहावे. हे पथ्य पुस्तकात छापलेले मला तरी फारसे आढळत नाही.

प्रकाशाचा आणखी एक धडा घराघरांत वाया जातो. हळदीचा डाग उन्हात उडतो, हे कोणतीही आजी सांगेल. पण तो उन्हाच्या उजेडाने जातो की उष्णतेने? हळदीने रंगवलेला एक कागद घेऊन त्यावर नाणे ठेवा आणि तो उन्हात ठेवा. दुसरा काळ्या कागदात गुंडाळून त्याच्या शेजारीच ठेवा. विदर्भाच्या उन्हात दोघेही तापतील, परंतु उजेड एकालाच मिळेल. एक-दोन दिवसांनी उघडून पाहिले की नाण्याचा पिवळा ठसा आणि झाकलेला कागद मिळून उत्तर देतात.

असा प्रश्न विचारायची सवय नसली तर काय होते, ते याच जिल्ह्यात जून २०२० मध्ये दिसले. लोणार सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले आणि तर्ककुतर्कांना ऊत आला. लोणारचे पाणी खारे आणि चांगलेच आम्लारीधर्मी, सामू १० च्या आसपास. तेव्हा दर्शकाचे धडे गिरवलेल्याला ‘सामू बदलला असेल’ असे वाटणे स्वाभाविक होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि रंगाचे कारण मिठात वाढणारे सूक्ष्मजीव, हॅलोआर्किया, असल्याचे सांगितले. त्यातले एक निरीक्षण मात्र कोणत्याही शाळेला झेपणारे आहे. नमुना काही काळ स्थिर ठेवल्यावर जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी रंगहीन झाले. म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला नव्हता, पाण्यात तरंगत होता.

सतपुड्यापलीकडच्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाच्या ‘बाल वैज्ञानिक’ पुस्तकांत प्रयोग आणि प्रश्न असत, उत्तरे नसत. २००२ साली तो कार्यक्रम बंद करण्यात आला. आपल्या कृतिपुस्तिकांनी त्याची एवढी एक गोष्ट उचलली, तरी पुष्कळ होईल.

लोणार अभयारण्य आहे, तिथून पाणी आणायला नको. एका बाटलीत जास्वंदीचा गाळलेला अर्क आणि दुसरीत पाण्यात ढवळलेली गेरू घेऊन दोन्ही रात्रभर ठेवाव्यात. सकाळी कोणती बाटली कशी दिसेल, आणि हलवल्यावर पुन्हा काय होईल, हे मुलांकडून आदल्या दिवशीच लिहून घ्यावे.