वाकाटकांचा आद्य राजा व अंतिम राजा : पुराव्याचा विचार

जऊळका हें गांव वाशीम जिल्ह्यांत, अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. आजचें वाशीम म्हणजेच वाकाटकांचें वत्सगुल्म. त्यामुळें या टापूंत जुने ताम्रपट, नाणीं व पोथ्या बाळगणाऱ्या मंडळींस हें राजकुल परकें नाहीं. तथापि विंध्यशक्तीनें साम्राज्य स्थापिलें व हरिषेणामागें तें बुडालें, हें जें विधान सर्वत्र केलें जातें, त्याचीं दोन्ही टोकें तपासून घेण्यासारखीं आहेत.

आद्य पुरुषाविषयीं फार लिहावयास नको. विंध्यशक्तीचा स्वतःचा लेख उपलब्ध नाहीं. त्याचें नांव पुराणांत येतें आणि अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यांतील वराहदेवाच्या लेखांत येतें. हा लेख त्याच्यामागून सुमारें दोन शतकांनीं कोरलेला. १९३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या वाशीम ताम्रपटांत वंशावळ प्रवरसेनापासूनच चालते, आणि सम्राट् ही पदवीही प्रवरसेनाचीच. म्हणून मूळपुरुष विंध्यशक्ति, परंतु साम्राज्याचा पहिला स्वामी प्रवरसेन, असें म्हणणें अधिक न्याय्य. याच पत्र्यांच्या आधारें मिराशींनीं अजिंठ्याच्या लेखांतील ब्यूलरच्या वाचनाची दुरुस्ती केली व तेथें सर्वसेनाचें नांव वाचलें.

खरा वाद शेवटाविषयीं आहे. हरिषेणाचा पिता देवसेन याचा काल हिस्से-बोराळा येथील शके ३८० च्या लेखानें निश्चित होतो. हरिषेणाचा थाळनेरचा ताम्रपट आहे. अजिंठ्याच्या लेखांत कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट व आंध्र हे देश त्याच्या संबंधानें येतात, पण त्यानें त्यांचें काय केलें तें सांगणारें क्रियापदच नेमकें झडून गेलें आहे! त्याच्या पुढें ना शिळा, ना ताम्र. ही पोकळी महामहोपाध्याय मिराशींनीं दंडीच्या दशकुमारचरितांतील विश्रुताच्या कथेनें भरली. विदर्भाचा पुण्यवर्मा गुणी. पुत्र अनंतवर्मा विलासी, दंडनीतीस विन्मुख. अश्मकाधिपति वसंतभानूनें त्याच्या दरबारीं माणूस पेरला, वनवासीच्या राजास चढाईस चिथविलें, सामंत फोडले आणि लूट आपण घेतली. पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण, असें मिराशींचें मत. वॉल्टर स्पिंक यांनीं तर या कथेचा आधार घेऊन अजिंठ्याचें काम कोणत्या वर्षीं कोठें थांबलें याचें कोष्टक मांडलें.

मिराशींविषयीं पूर्ण आदर ठेवूनही प्रस्तुत लेखकास ही पायरी कच्ची वाटते. कथेंत वाकाटक हें नांव नाहीं, वत्सगुल्म नाहीं. राजांचीं नांवें वर्मान्त आहेत, वाकाटकांचीं बहुधा सेनान्त. दंडी सुमारें दोनशें वर्षांनंतरचा. शिवाय अनंतवर्म्याचे दोष इतके यथाक्रम आहेत कीं, ते नीतिशास्त्रांतील व्यसनांच्या यादीवरून उतरले असावे असा संशय येतो. एक गोष्ट मात्र मिराशींच्या बाजूची आहे. कुंतल, अश्मक, ऋषिक, नासिक्य, कोंकण हें सामंतांचें मंडळ विदर्भाभोंवतीं चपखल बसतें. असा नकाशा केवळ कल्पनेनें सुचणें कठीण. तेव्हां कथेंतील भूगोल घ्यावा, वंशावळ घेऊं नये. उलट अनुमानावर वर्षागणिक इमारत रचणें तर सर्वथा अयोग्य.

हरिषेणाच्या पुत्राचा एक पत्रा सांपडला तरी निकाल लागेल. असा पत्रा जऊळक्याच्या पंचक्रोशींत कोणाच्या घरीं असल्यास त्यानें तो चिंचेनें घासून लखलखीत करूं नये. आधीं ठसा घ्यावा, आणि तो कोणत्या शेतांत निघाला तें टिपून ठेवावें.